दार उघडंच आहे

२८ नोव्हेंबर

सकाळपासून ओसरीवर तीन भांडणं आली. एक बकरीवरून, एक भिंतीवरून, आणि तिसरं कशावरून ते शेवटपर्यंत ऐकूनही मला कळलं नाही. माझा भाऊ, घराण्याचा प्रमुख, दादा गेल्यापासून हे असंच चाललंय. आमच्यात घराणं आईकडून चालतं, तेव्हा दादाच्या जागी बसेल तो बहिणीचा मुलगा. पण दादाच्या वर्षाची प्रार्थना होईपर्यंत ती जागा रिकामी ठेवायची, आणि तोवर घराण्याचा शब्द म्हणजे थोरल्या बाईचा शब्द. थोरली बाई म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याहून मोठ्या सगळ्या देवाघरी गेल्या, एवढीच माझी पात्रता.

खरं म्हणजे या गावाची मला माहिती ती किती? लहानपणीच कॉन्व्हेंटात गेले, पुढे सगळी नोकरी परगावच्या मुलींच्या शाळांत. नसुआनोला यायची ती सुट्टीत, पाहुणीसारखी. आता पेन्शन घेऊन परत आले तर मला न्यायाधीश करून बसवलंय, आणि वर खाजणाची राखणदारही. गावाबाहेरचं ते मोठं खाजण आमच्या घराण्याच्या राखणीत आहे. कोरड्या दिवसांत ते आटतं, तळाला मीठ धरतं, आणि मग गावातली यच्चयावत बाई टोपलं घेऊन त्यात उतरते. मुलींनाही नेतात. फेब्रुवारीत शाळेचा वर्ग बघावा, निम्मी बाकं रिकामी. मी इथली मुख्याध्यापिका असते तर एकेका आईला बाकावर उभं केलं असतं.

शेवटी अराबा आली. माझी मावसबहीण, मिठाच्या बायकांची म्होरकी. तिचं भांडण नव्हतं, डोळे होते. पांढऱ्या मिठावरचं ऊन वर्षानुवर्षं डोळ्यांत घेऊन ते कायमचे लाल झालेत.

"ताई, ते थेंब आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत. पण तू हा धंदा सोड."

"आणि काय करू? तुझ्यासारखं इंग्रजी विकू?"

थेंब घालताना मी तिची पापणी जरा जास्तच जोरात ओढली.

१ डिसेंबर

आज फीफी आला होता. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, राजधानीत, आक्रात असतो, काय करतो ते नीट सांगत नाही पण बूट चकाकतात. सोबत मिठाच्या एका कंपनीचे टेटे साहेब आणि आमच्याच घराण्यातले दोन म्हातारे. म्हाताऱ्यांच्या अंगावर कोरं कापड होतं, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती. एकाने फीफीसाठी गाडीचं दार उघडून धरलं. पोराला आतापासून एवढा मान कशाला, मला समजत नाही.

बसायच्या आधीच फीफीने श्नॅप्सचा, म्हणजे विलायती दारूच्या बाटलीचा, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, आम्ही दार ठोठावायला आलो आहोत."

मला हसू आलं. दार ठोठावणं म्हणजे मुलगी मागायला येणं, एवढं कॉन्व्हेंटात वाढलेल्या बाईलाही ठाऊक असतं. मी म्हटलं, "या घरात लग्नाची एकच बाई उरली आहे, आणि तिला चष्म्याशिवाय नवरा दिसायचा नाही."

साहेब हसले. फीफी हसला नाही. सावकाश, पाठ केल्यासारखं पुन्हा म्हणाला, "मावशी, आम्ही दार ठोठावतो आहोत."

"अरे, दार उघडंच आहे! आत ये आणि बस, ऊन लागतंय."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि हलकेच टाळ्या वाजवल्या. वय झालं की माणसाला कशाचंही कौतुक वाटतं.

टेटे साहेब मात्र माणूस चांगला निघाला. मी बसेपर्यंत उभे होते. खाजणाला पक्के बांध, पाणी घ्यायला पंप, शास्त्रशुद्ध मीठ, गावापर्यंत डांबरी रस्ता, दवाखाना, असं सगळं बोलत होते. मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, बायकांना काळे चष्मे देणार का? देणार. मुलींना शाळेच्या वेळेत कामावर घेणार नाही ना? मुळीच नाही. दवाखान्यात डॉक्टर असेल की नुसती पाटी? डॉक्टर. प्रत्येक प्रश्नाला असं चटकन, नम्र उत्तर मला आमच्या सरकारात कधी मिळालं नाही.

डबा कपाटात ठेवला. मी पीत नाही. पण भेट नाकारणं हा गर्वाचाच एक प्रकार आहे, असं आमच्या सिस्टर इमॅक्युलाटा म्हणायच्या.

४ डिसेंबर

अराबा दुपारी आली. थेंब मागितले नाहीत. उंबऱ्याशी उभी राहून पदराच्या टोकाशी चाळा करत होती, आणि हे तिचं वागणं नव्हे.

"ताई, त्या दिवशी फीफी आला होता म्हणे."

"आला होता."

"एकटा?"

मी कोण कोण ते सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"आत ये म्हटलं, बस म्हटलं."

"कसं म्हणालीस?"

"कसं म्हणजे? तोंडाने."

तिने खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाली, "डबा कुठंय?"

"कपाटात."

"बंद आहे?"

"अराबा, तुला प्यायची आहे का? सरळ सांग."

"नको. पण तो बंदच राहू दे, ताई. एवढं कर." मी कारण विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "मी धाकटी. मी तुला काय सांगणार."

दादा असताना त्याच्याकडे आलेली बाटली हिच्याच घरी जायची, ते मला ठाऊक आहे. आता ती माझ्या कपाटात आहे म्हणून हा सगळा जळफळाट.

७ डिसेंबर

मला कुणी 'हे उघडू नकोस' म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मुख्याध्यापिकेला धाकट्या बहिणींचे हुकूम ऐकायची सवय नसते. डबा फोडला. मनुका, खजूर, संत्र्याच्या साली, थोडं आलं, सगळं मोठ्या बरणीत घालून वर अख्खी बाटली ओतली. नाताळच्या केकपर्यंत छान मुरेल. सिस्टर ब्रँडी घालायच्या, पण त्यांच्या मागे अख्खं आयर्लंड होतं.

२६ डिसेंबर

केक उत्तम झाला. स्वतःच्या तोंडाने म्हणते. काल प्रार्थनेनंतर घराण्यातल्या झाडून सगळ्यांना वाटला. बाहेरचेही बरेच जण खाऊन गेले. फीफीने आपल्या हाताने ताटली फिरवली, एकेकाला आग्रह करून दिला. इतका कामसू मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. फोटोही काढत होता.

नानांकडून दंडधारी अतो आले होते. आमचे नाना राजे असल्यामुळे चारचौघांत स्वतः बोलत नाहीत. त्यांचा शब्द अतो बोलतात, हातात सोन्याच्या मुठीचा दंड धरून. एक घास खाऊन त्यांनी विचारलं, "बाई, यात दारू कुठली?"

"फीफीने आणलेली श्नॅप्स."

त्यांनी तुकडा ताटलीत ठेवला. माझ्याकडे पाहिलं, फीफीकडे पाहिलं. मग तुकडा पुन्हा उचलला. "आता खाल्लाच आहे," असं म्हणून संपवला. त्यांना साखरेचा आजार असावा.

अराबाने मात्र हात लावला नाही. तिच्या बायकांनीही. एक जण तर घेतलेला तुकडा परत ठेवून गेली. नाताळाच्या दिवशी! मी ठरवलंय, यापुढे हिला केक नाही आणि डोळ्यांत थेंबही नाहीत.

११ जानेवारी

हरमॅटन, वाळवंटाकडून येणारा तो कोरडा वारा, सुरू झाला आहे. ओठ फुटतात, पुस्तकांवर धूळ बसते, दिवसभर सूर्य दुधात बुडवल्यासारखा. खाजण भराभर आटतंय. पहाटे फिरायला गेले तेव्हा कडेला पांढरी साय दिसली. म्हणजे फेब्रुवारीत मीठ धरणार.

आणि कडेने खुंट्या ठोकल्यात, प्रत्येकीला लाल चिंधी. मी तिथल्या माणसाला विचारलं, कुणी सांगितलं? तो म्हणाला, "घरवाल्यांनी." कुठल्या घरवाल्यांनी, ते त्याला माहीत नव्हतं. खुंट्या मात्र सरळ रेषेत होत्या. या गावात सरळ रेषेत असलेली ती पहिलीच वस्तू.

१५ जानेवारी

फीफीला फोन केला. "मावशी, ती नुसती मोजणी. दोन तारखेला नानांच्या सभेत मान्यता झाली की पंप येतील. तू आराम कर."

"मान्यता कशाला?"

"एक औपचारिकता असते गं."

नळावर अराबाने गाठलं. बारा-पंधरा बायका होत्या. मी साहेबांनी काय काय कबूल केलंय ते सांगत होते, तर ही मध्येच म्हणाली, "पंपाने पाणी आत घेतलं की खाजण आटत नाही, ताई. त्यांच्या बांधात मीठ धरेल, आमच्यात नाही. आणि बांधाला कुंपण."

"तुम्हाला नोकऱ्या मिळतील."

"किती जणींना?"

ते मी विचारलं नव्हतं. त्याचा मला राग आला, आणि राग आला की माझी जीभ तिच्या मनासारखं करते. म्हटलं, "निदान तुमच्या मुली शाळेत तरी जातील. आंधळ्या आयांनी मुलींनाही आंधळं करायचं, हा काय तुमचा हक्क आहे का?"

नळ वाहत राहिला, कुणी बादली सरकवली नाही. मग अराबा म्हणाली, "माझी लेक मान्सा नर्सिंगला गेली ती कशावर, ताई? तुझ्या केकवर?"

कुणी हसलं नाही. एकेकीने बादली उचलली आणि निघाल्या. एकीनेही मला 'येते' म्हटलं नाही.

किती जणींना? टेटे साहेबांना विचारायला हवं.

१७ जानेवारी

टेटे साहेब फोन उचलत नाहीत.

२१ जानेवारी

लिहायची इच्छा नाही. पण लिहितेच.

सकाळी मान्सा धावत आली. अराबाला पोलिसांनी नेलं. तिने आणि बायकांनी खुंट्या उपटून चुलीत घातल्या. रखवालदारांनी कुत्रे सोडले. एकीच्या दंडाचा लचका गेला. बाकीच्या पळाल्या, अराबा पळाली नाही.

मी तशीच चौकीवर गेले. काय काय बोलायचं ते वाटेत मनात जुळवून ठेवलं होतं. आत इन्स्पेक्टर म्हणून बसलेली पेशन्स क्वाइदू! माझीच विद्यार्थिनी, शेजारच्या गावची. मला पाहून उभी राहिली, टोपी काढली.

मी म्हटलं, "पेशन्स, माझ्या बहिणीला सोड, आणि कुत्रेवाल्यांना आत घाल. उलटं झालंय तुझं. तुझं बीजगणितातही असंच व्हायचं."

"बाई, बसा."

"मी बसायला आलेली नाही."

"बाई, फिर्याद कंपनीची आहे. त्यांच्या जागेत घुसून नुकसान केलं अशी."

"त्यांची जागा? कधीपासून?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी कधीकाळी तिच्याकडे बघायची, उत्तर फळ्यावर लिहिलेलं असताना. मग हळूच म्हणाली, "तुम्ही दार उघडलंत तेव्हापासून."

तिने सांगितलं ते असं. नसुआनोत खाजणाला घराची मुलगी मानतात. कुणाला हवं असेल तर तो दारू घेऊन येतो, साक्षीला घरातली माणसं आणतो, आणि 'दार ठोठावतो' म्हणतो. द्यायचं नसेल तर थोरल्याने म्हणायचं, 'दार लागलेलं आहे.' बाटली परत जाते. दादाने असं दोनदा परत पाठवलं होतं. आणि 'दार उघडं आहे' म्हटलं की मागणं कबूल. मग ती दारू घरात वाटायची. घराने तोंडाला लावली की झालं, मुलगी दिली.

"पण तो केक होता!" मी ओरडले. बाकावर बसलेला एक चोरसुद्धा दचकला.

"मीपण खाल्ला, बाई," पेशन्स म्हणाली. "फार छान होता."

२२ जानेवारी

फीफी आला. मी त्याला बसायला सांगितलं नाही.

"तू मला फसवलंस."

"मी शब्द नीट उच्चारले, मावशी. दोनदा. साक्षीदार आहेत. तुला अर्थ कळत नव्हता हे मला कसं कळणार? तू थोरली."

"कळत होतं तुला. म्हणूनच दादाकडे गेला नाहीस, माझ्याकडे आलास."

त्याने बुटावरची धूळ झटकली. मग अगदी मऊ आवाजात, "मावशी, तू तरी या खाजणाचं कौतुक कधी केलंस? आंधळ्या बायका, ओस शाळा, हे तूच म्हणत होतीस ना? कुणीतरी करायलाच हवं होतं. दादाच्या जागी मी बसलो की तुला दाखवतो, रस्ता कसा होतो ते. दोन तारखेला फक्त गप्प बस. विचारलं तर 'हो' म्हण. अराबाची फिर्याद मागे घ्यायला लावतो."

मी त्याला जायला सांगितलं. गेला. जाताना दार ओढून घेतलं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे, आणि ती मी दुसऱ्या कुणाजवळ बोलणार नाही. मला अर्थ कळला असता, तर मी काय म्हटलं असतं? रस्ता, दवाखाना, चष्मे. मला ते सगळं हवं होतं. फीफीने मला फसवलं, हे खरं. पण कदाचित त्याची गरजच नव्हती.

२६ जानेवारी

अराबाला जामिनावर आणलं. पेशन्सने तिला कोठडीत न ठेवता स्वतःच्या खोलीत झोपू दिलं होतं. बीजगणित जाऊ दे.

अराबा माझ्या ओसरीवर बसली. डोळे सुजलेले. मी थेंब घातले, या वेळी सावकाश.

"मला सांगितलं का नाहीस, मूर्ख बाई?"

"विचारलं तुला आडून. बंद ठेव म्हटलं."

"आडून! सरळ सांगायला जीभ झडली होती?"

"थोरलीला धाकटीने तोंडावर 'तू चुकलीस' म्हटलं तर थोरलीचा मान जातो, ताई. आणि घराण्याची थोरली मानाशिवाय उरली तर फीफीला अडवणार कोण? मी म्हटलं, तू शिकलेली आहेस, इशारा कळेल."

शिकलेली! मला खूप काही बोलायचं होतं, पण मी तिला म्हटलं, "हे बघ, शास्त्र सांगतं की भट्टीत मद्यार्क उडून जातो. केकमध्ये दारू उरलेलीच नव्हती. मी सभेत हे सिद्ध करून दाखवते."

अराबा इतकी हसली की थेंब गालावर आले. "हे नानांपुढे बोलू नकोस. ते तुला भट्टीत घालून बघतील काय काय उडतं ते."

मग हसणं थांबलं. म्हणाली, "मीठ धरायला आलंय. सभेने मान्यता दिली तर तीन तारखेला पंप सोडतील, आणि धरलेलं सगळं विरघळेल. बायकांनी सगळ्या वर्षाचा भरवसा त्याच्यावर ठेवलाय."

मी थेंबांची कुपी तिच्या हातात ठेवली.

२ फेब्रुवारी

परत आले आहे. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

सभा नानांच्या अंगणात, बदामाच्या झाडाखाली. नाना छत्रीखाली, शेजारी दंड घेऊन अतो. एका बाजूला फीफी, टेटे साहेब, कोऱ्या कापडातले दोघे. दुसऱ्या बाजूला मिठाच्या बायका, जमिनीवर. मला थोरलीचं चौरंगासारखं आसन दिलं होतं, दोघांच्या मध्ये. तिथून दोन्ही बाजूंची तोंडं दिसत होती आणि एकही माझ्याकडे प्रेमाने बघत नव्हतं.

अतो म्हणाले, "खाजण ही या घराची मुलगी. तिला मागायला माणूस आला. दार ठोठावलं. थोरलीने दार उघडलं. दारू घराने तोंडाला लावली, मीही त्यात आहे. आता बाकी काय राहिलं? कुणाला काही बोलायचं असेल तर बोला, नाहीतर नाना मान्यता देतात."

फीफीने माझ्याकडे बघून मान हलवली: गप्प बस.

मी शास्त्राचं सगळं भाषण तयार करून गेले होते. खरंच. आसनावरून उठले आणि पहिलं वाक्य तोंडात आलंही होतं. पण अतोंचं बोलणं कानात घोळत होतं, आणि जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यावर माणसाला चूक दिसते तशी मला त्यातली एक पायरी गाळलेली दिसली.

"मुलीला विचारलंत का?" मी म्हटलं.

"काय?"

"आपल्याकडे लग्नात दारू प्यायच्या आधी मुलीला मध्ये उभी करतात. 'ही दारू आम्ही प्यावी का?' असं तीनदा विचारतात. ती तीनदा 'हो' म्हणते, मग घर पितं. मी कॉन्व्हेंटातली असले तरी एवढी लग्नं खाल्ली आहेत. खाजणाला कुणी विचारलं?"

फीफी हसला. "मावशी, खाजण बोलतं का?"

"बोलत नसेल तर मुलगी कशाला म्हणता? जमीन म्हणा. आणि जमिनीसाठी दार ठोठावत नाहीत, फीफी. मग तुझं ते ठोठावणं म्हणजे नुसता माझ्या दाराला त्रास. मुलगी असेल तर तिला विचारा, नसेल तर बाटली परत न्या. दोन्ही एकदम चालणार नाही."

बायकांत कुजबुज उठली. टेटे साहेब इंग्रजीत काहीतरी कायद्याचं बोलायला लागले. अतोंनी दंड जमिनीवर आपटला. मग ते नानांच्या तोंडाशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

अतो सरळ झाले. "नाना विचारतात, मुलीच्या वतीने बोलेल कोण? तिच्या अंगाला ज्यांचं अंग लागलं आहे, तेच."

अराबा उठली. अतोंनी विचारलं, "अराबा, ही दारू घराने प्यावी का?"

"नाही."

दुसऱ्यांदा विचारलं. "नाही."

तिसऱ्या वेळी अराबाने तोंड उघडायच्या आधीच सगळ्या बायका उभ्या राहिल्या. कुत्र्याने चावलेली, दंडाला पट्टी बांधलेलीही. "नाही!" झाडावरचे पक्षी उडाले.

मला वाटलं, संपलं. मी खाली बसत होते. अतो म्हणाले, "थांबा, बाई. मुलीला न विचारता दार कुणी उघडलं?"

"मी."

"अर्थ ठाऊक होता?"

"नव्हता."

"नाना आणखी एक विचारतात. ठाऊक असता, तर?"

एवढ्यावर सुटता आलं असतं. 'तर लावून घेतलं असतं' एवढंच म्हणायचं होतं. अराबा माझ्याकडे बघत होती, आणि 'म्हण, म्हण' असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. फीफीही बघत होता. त्याला उत्तर माहीत होतं, हेच मला सहन झालं नाही.

"उघडलं असतं," मी म्हटलं. "बहुतेक. रस्त्यासाठी. दवाखान्यासाठी. मला कुणाला विचारावंसं वाटलं नसतं."

मग अतो 'बाई' न म्हणता माझं नाव घेऊन म्हणाले, आणि तेही खालच्या आवाजात, "बेनेडिक्टा, मुलीला न विचारता दार उघडणारी घराची थोरली राहत नाही."

एका म्हाताऱ्या बाईने येऊन माझ्या पायातल्या वहाणा काढल्या. आसनावरून उतरवलेल्या माणसाने अनवाणी घरी जायचं असतं. मी स्वतःच काढून देत होते, पण तसं करू देत नाहीत. मग अराबाला आसनावर बसवलं. तिला नको होतं. बसली. नव्या थोरलीने पहिला शब्द बोलायचा असतो, ती म्हणाली, "दार लागलेलं आहे. कोरी बाटली उद्या कंपनीकडे परत जाईल. मीठ परवा काढायचं."

टेटे साहेब आता वरच्या कोर्टात जाणार म्हणतात. जातील. पावसाआधी निकाल लागेल असं कोर्ट या देशात अजून बांधलेलं नाही. फीफी माझ्या अंगावरून गाडीकडे गेला. दार त्याचं त्यालाच उघडावं लागलं.

मग घरी निघालो. थोरली पुढे, घराणं मागे, असा क्रम. मी जन्मात कुणाच्या मागे चालले नव्हते. दुपार टळटळीत, तांबड्या रस्त्यावर खडी पसरलेली, आणि माझ्या तळव्यांना नुसत्या जमिनीची सवय नाही. अराबाचं चालणं सगळ्या गावाला ठाऊक आहे, डोक्यावर टोपलं घेऊनही ती तरुण पोरींना मागे टाकते. पण आज! एक पाऊल, मग थांबणार, कपाळ पुसणार. पुन्हा एक पाऊल. रस्त्याची कड धरून, जिथे जिथे गवत असेल तिथून. मागे सगळी वरात खोळंबलेली. एकदाही वळून बघितलं नाही.

शेवटी मीच ओरडले, "अगं, पाय उचल जरा!"

तर आणखी हळू झाली. नवा मान डोक्यात गेला, दुसरं काय.